मनाच्या दुखण्याची पारख



अंग गरम लागले की आपण कपाळाला हात लावून पाहतो. मग थर्मामीटर लावतो. किती ताप आहे ते त्यावर दिसते. औषध घेतले, दोन दिवसांनी पुन्हा थर्मामीटर लावला, ताप उतरला असला तर आपण म्हणतो, औषध लागू पडले.

पण मन आजारी पडले तर? तिथे कपाळाला हात लावून काही कळत नाही. एक्सरेत दिसत नाही. रक्त तपासून सापडत नाही. म्हणून पुष्कळ लोकांना वाटते, मनाचे दुखणे म्हणजे नुसते सोंग. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणतो, काम नको म्हणून बहाणा आहे. घरचे लोक गंडेदोरे करतात, भगताकडे नेतात. पैसा जातो, वेळ जातो. कधी कधी माणूसही हातचा जातो.

मनाच्या दुखण्यालाही माप आहे. त्याच्यावर उपाय आहे. आणि तो उपाय खरा की खोटा, हे पारखण्याची रीतही आहे. ही पारख ज्या डॉक्टरांनी आपल्या देशात, आपल्यासारख्याच लोकांमध्ये जाऊन केली, त्यांची आणि त्यांच्या कामाची माहिती या पाठात सांगायची आहे.

हे दुखणे कसे असते?

दुःख सर्वांनाच होते. धानाला तुडतुडा लागला, रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारून बसला, घरातले जवळचे माणूस गेले, तर मन उदास होणारच. तो आजार नव्हे. चार दिवस जातात, माणूस पुन्हा कामाला लागतो.

पण कधी कधी ही उदासी जातच नाही. दोन आठवडे होतात, महिना होतो. झोप लागत नाही, नाहीतर माणूस दिवसभर पडून राहतो. भूक मरते. अंग दुखते, डोके जड वाटते. पूर्वी ज्यात गोडी होती त्यात आता मन लागत नाही. भजनाला जावेसे वाटत नाही, नातवाला मांडीवर घ्यावेसे वाटत नाही. आपण कुचकामी आहोत, आपण सर्वांना भार आहोत, असे विचार येतात. पुढे पुढे तर जगूच नये असेही वाटू लागते.

याला डॉक्टर लोक नैराश्य म्हणतात. खेड्यात हा शब्द कोणी वापरत नाही. बाई दवाखान्यात जाते ती सांगते, "कंबर दुखते, झोप नाही, जीव घाबरतो." गडी सांगतो, "टेन्शन आहे." डॉक्टर वेदना थांबवायची गोळी देतो, ताकदीचे सलाईन लावतो. दुखणे तसेच राहते.

आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. नैराश्यात हेच होते. माणसाचे मनच त्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते. त्याला "हिंमत धर, असा काय बसतो?" असे नुसते सांगून भागत नाही. मोडक्या पायाच्या माणसाला "चाल, चाल" म्हणण्यासारखे ते आहे.

मुंबईचा डॉक्टर हरारेला जातो

डॉ. विक्रम पटेल यांचा जन्म १९६४ साली मुंबईत झाला. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांनी मुंबईतच घेतले. १९८७ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळून ते इंग्लंडात ऑक्सफर्डला गेले. पुढे लंडनमध्ये ते मनोविकारांचे डॉक्टर झाले.

इथे एक फरक सांगून ठेवतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे मनाच्या आजारांचा डॉक्टर. तो गोळ्या-औषधे लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ हा मनाच्या व्यापाराचा अभ्यास केलेला माणूस. तो बोलण्यातून, सवयी बदलण्यातून उपचार करतो. आणि समुपदेशक म्हणजे नीट ऐकून घेऊन वाट दाखवायला शिकलेला माणूस. तिघांचे काम एकमेकांना पूरक आहे.

१९९३ च्या सुमारास पटेल आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात गेले. तिथल्या हरारे शहरात ते दोन वर्षे होते. त्या साऱ्या देशात मनोविकाराचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लंडनला शिकलेली विद्या अशा ठिकाणी कशी चालायची? एकेक डॉक्टर एकेका रोग्याजवळ तासभर बसणार, तर लाखो लोकांना डॉक्टर कुठून आणायचे?

पटेलांनी आधी लोकांचे ऐकून घेतले. रोगी काय सांगतात, तिथले देवऋषी काय सांगतात, याची त्यांनी नोंद केली. तिथल्या शोना भाषेत एक शब्द आहे, कुफुंगिसिसा. त्याचा अर्थ, फार विचार करणे. आपल्याकडेही म्हणतातच की, "तो विचार करून करून खंगला." पुस्तकातले नैराश्य आणि त्या लोकांचे कुफुंगिसिसा यांच्या खुणा पुष्कळशा जुळत होत्या. म्हणजे हे दुखणे केवळ गोऱ्या किंवा श्रीमंत लोकांचे नाही. ते झोपडीतही असते. फक्त त्याला तिथे निराळे नाव असते.

भारतात परत आल्यावर पटेल गोव्याला राहिले. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन तिथे 'संगत' नावाची संस्था काढली. २००३ साली त्यांचे एक पुस्तक निघाले. जिथे मनोविकाराचा डॉक्टर नाही, तिथे आरोग्यसेवकाने काय करावे, हे त्यात सोप्या भाषेत आणि चित्रांसह सांगितले आहे.

त्यांच्या मनात एक विचार होता. मनोविकाराचे डॉक्टर थोडे आहेत, ते एका दिवसात वाढणार नाहीत. मग गावातल्याच एखाद्या समंजस, शाळा शिकलेल्या माणसाला हे काम शिकवले तर? विचार चांगला होता. पण चांगला वाटणारा विचार खरा असतोच असे नाही. तो पारखून पाहिला पाहिजे.

पारख करायची कशी?

ही गोष्ट आपल्या धानाच्या बांधीवरून समजून घेऊ.

समजा, एक दुकानदार म्हणाला, "हे नवे बियाणे घ्या, पीक दीडपट येते." तुम्ही ते नहराजवळच्या बांधीत टाकले. जुने बियाणे माळावरच्या बांधीत टाकले. नव्याचे पीक जास्त आले. हा गुण बियाण्याचा की नहराच्या पाण्याचा? सांगता येत नाही. शेजाऱ्याने दोन्ही बियाणी सारख्या जमिनीत टाकली, पण नव्याला खत जास्त दिले. तिथेही तोच घोळ.

म्हणून खरी पारख करायची तर एकाच शेताचे पुष्कळ सारखे तुकडे पाडावे. कोणत्या तुकड्यात कोणते बियाणे टाकायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. म्हणजे आपल्या मनाचा कल त्यात शिरत नाही. खत, पाणी, निंदण सर्वांना सारखे द्यावे. शेवटी पीक मोजावे. आता जो फरक निघेल तो बियाण्याचा.

ही रीत शेतीतच पिकली. १९२० नंतरच्या काळात इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे शेतीसंशोधनाच्या केंद्रात रोनाल्ड फिशर नावाचे गणिती काम करीत होते. त्यांनी ती शास्त्रशुद्ध केली. पुढे डॉक्टरांनी ती उचलली.

त्याचे एक नामी उदाहरण क्षयरोगाचे आहे. १९४८ साली इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची पारख प्रसिद्ध झाली. १०७ क्षयरोगी घेतले होते. औषध फार थोडे होते, सर्वांना पुरणार नव्हते. म्हणून कोणाला औषध मिळेल ते मोठा-लहान, ओळखीचा-बिनओळखीचा असे न पाहता चिठ्ठीसारख्या रीतीने ठरवले. ५५ जणांना विश्रांती आणि औषध मिळाले. ५२ जणांना नुसती विश्रांती मिळाली. त्या दिवसांत क्षयावर तोच उपाय चाले. सहा महिन्यांनी मोजले. औषधवाल्यांत ४ जण दगावले होते. दुसऱ्या गटात १४ जण दगावले होते. औषधाचा गुण आकड्यांनी सिद्ध झाला.

आता प्रश्न असा की, गोळी-इंजेक्शनची पारख अशी होते, तशी बोलण्याची होईल का? बोलणे काही बाटलीत भरून देता येत नाही. गोव्यात याच प्रश्नाचे उत्तर शोधले गेले.

गोव्यातली पहिली मोठी पारख

गोव्यात २४ दवाखाने निवडले. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. चिठ्ठी रोग्यांची न टाकता दवाखान्यांची टाकली. निम्म्या दवाखान्यांत एक शिकवून तयार केलेला समुपदेशक बसवला. तो रोग्याचे ऐकून घेई, समजावून सांगे, गरज पडली तर डॉक्टरकडून औषध सुरू होई, आणि मनोविकारतज्ज्ञ वेळेवर सल्ला देई. उरलेल्या निम्म्या दवाखान्यांत नेहमीसारखा उपचार चालू राहिला. एकूण २,७९६ लोक या कामात होते.

२०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना पक्का आजार होता त्यांची सहा महिन्यांनी मोजणी केली. समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत शंभरांतले सुमारे ६६ बरे झाले होते. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत शंभरांतले ४२ ते ४३ बरे झाले होते.

आणि खाजगी दवाखान्यांत? तिथे समुपदेशक असल्याने काही फरक दिसला नाही.

हा दुसरा निकाल त्यांना दडवता आला असता. त्यांनी तो दडवला नाही, छापला. पारख करणारा खरा कोण आणि माल खपवणारा कोण, हे इथे ओळखू येते. माल खपवणारा फक्त लागू पडलेल्या ठिकाणचे सांगतो. खरा पारखी लागू न पडलेल्या ठिकाणचेही सांगतो.

बोलण्याचे औषध म्हणजे काय?

यानंतर संगतच्या लोकांनी आणखी सोपा उपाय बांधला. त्यात गोळी नाही. आठवड्यातून एकदा, अर्धा ते पाऊण तास, अशा सहा ते आठ भेटी. भेट दवाखान्यात होते, नाहीतर रोग्याच्या घरी.

या उपायाचे मूळ अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या कामात आहे. उदास माणसाचे विचार तपासावे, चुकीचे विचार खोडून काढावे, अशी एक मोठी उपचारपद्धती तिथे होती. नील जेकबसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक शंका काढली. या साऱ्या पद्धतीतला खरा गुणकारी भाग कोणता? त्यांनी १५० रोगी घेऊन तीन गट केले. एका गटाला पूर्ण पद्धत दिली, दुसऱ्याला तिचा काही भाग दिला. तिसऱ्याला फक्त पहिला सोपा भाग दिला, म्हणजे माणसाला हळूहळू कामात, माणसांत परत आणणे. १९९६ साली निकाल आला. तिन्ही गटांत सारखाच गुण आला होता. मग सोपा भाग शिकायला सोपा, शिकवायलाही सोपा. तो खेड्यात का नेऊ नये?

या उपायामागचा विचार असा. आपण म्हणतो, "मन बरे झाले की कामाला लागेन." पण उदासीत मन आपोआप बरे होत नाही. माणूस काम सोडतो म्हणून आणखी उदास होतो, आणखी उदास होतो म्हणून आणखी काम सोडतो. रहाटगाडग्यासारखे हे चालते. ते थांबवायचे तर दोरी कृतीच्या बाजूने ओढावी लागते. आधी थोडे करायचे, मन मागून येते.

समुपदेशक बाई आणि आजारी बाई यांचे बोलणे कसे चालत असेल, त्याचा एक नमुना आपल्या भागातला धरून पाहू.

"काकू, दुखणं यायच्या आधी सकाळी काय काय करत होत्या तुम्ही?"

"सडा टाकत होती, गाईचं शेण काढत होती. शेजारच्या बाईसंगं बोडीवर धुणं घेऊन जात होती."

"आता?"

"आता काही नाही. उठावंसंच वाटत नाही. पोरी करतात सारं. मी पडून राहते."

"पडून राहिल्यावर बरं वाटते का?"

"बरं कुठलं बाई! उलट जास्तच विचार येतात."

"मग असं करू. सगळं नको. बोडीवर धुणं पण नको. या आठवड्यात फक्त तीन दिवस शेजारच्या काकूंसंगं बोडीपर्यंत जाऊन यायचं. कोणते तीन दिवस जमेल?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"आणि काही आड आलं तर?"

"पोरीला सांगून ठेवीन, मला हात धरून उठव म्हणून."

पाहा, यात उपदेश नाही. "देवावर भरवसा ठेव", "लोकांची दुःखं पाहा, तुझं काय एवढं" असले काही नाही. आधी ऐकणे, मग एक लहानसे काम, त्याचा दिवस ठरवणे, अडथळ्याचा विचार आधीच करणे. पुढच्या भेटीत विचारणे, जमले का? जमले नाही तर रागावणे नाही. काम आणखी लहान करायचे. याबरोबरच डोक्याला घोर लावणारी अडचण असेल, कर्जाची, भांडणाची, तर ती सोडवण्याची पायरी पायरी शोधायची. आणि जवळचे एखादे माणूस मदतीला घ्यायचे.

प्रत्येक भेटीत मोजमापही होते. नऊ प्रश्नांची एक यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कामात गोडी वाटली का, मरणाचे विचार आले का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सगळे मिळून जास्तीत जास्त २७. जितके गुण जास्त तितके दुखणे भारी. हाच मनाचा थर्मामीटर.

हे काम करणारे समुपदेशक गावातलेच होते. शाळा शिकलेले, पण दवाखान्याचे काम न शिकलेले. त्यांना तीन आठवड्यांचा वर्ग दिला आणि नंतर सहा महिने हाताखाली काम करून घेतले. त्यांच्या भेटींचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत. मग सारे एकत्र बसून ते ऐकत आणि कुठे चुकले, कुठे साधले, ते एकमेकांना सांगत. शिकणे थांबत नसे.

दुसरी पारख, आणि आकड्यांचा खरा अर्थ

आता या उपायाचीही पारख झाली. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात ४९५ लोक निवडले. सर्वांचे नैराश्य भारी होते, त्या यादीत १४ पेक्षा जास्त गुण असलेले. त्यांत बायका जास्त होत्या. चिठ्ठीच्या रीतीने दोन गट केले. दोन्ही गटांना दवाखान्याचा उपचार मिळाला, आणि रोग्याला नैराश्य आहे हे डॉक्टरला कळवले. फरक एकच. एका गटाला समुपदेशकाच्या भेटी जास्तीच्या मिळाल्या.

तीन महिन्यांनी मोजणी झाली, आणि २०१७ साली निकाल छापला. भेटी मिळालेल्यांत शंभरांतले ६४ जण आजारातून वर आले होते. भेटी न मिळालेल्यांत शंभरांतले ३९. भेटी मिळालेल्या लोकांचे कामाचे बुडालेले दिवसही कमी होते. एक वर्षाने पुन्हा मोजले. तेव्हाही ६३ आणि ४८ असा फरक टिकून होता.

हे आकडे घाईने वाचून सोडू नका. त्यांत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. ३९ जण तर भेटींशिवायही सावरले. काळ गेला, थोडा उपचार मिळाला, घरच्यांनी सांभाळले, आणि ते उठले. आता हेच ३९ लोक भगताकडे गेले असते तर? त्यांनी सांगितले असते, "बुवाच्या अंगाऱ्यानं गुण आला." आणि ते खोटे बोलत नसते, त्यांना तसेच वाटले असते. म्हणून "अमक्याला गुण आला" एवढ्यावर उपाय खरा ठरत नाही. उपाय न मिळालेल्यांतले किती बरे झाले, हेही विचारावे लागते. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली, तर गावातला निम्मा ठकबाजार बंद होईल.

दुसरी गोष्ट. ६४ वजा ३९ म्हणजे २५. दर शंभर माणसांमागे पंचवीस माणसे, जी एरव्ही त्या वेळी अंथरुणात राहिली असती, ती उठून कामाला लागली. पंचवीस माणसे म्हणजे पंचवीस घरे. एवढा गुण सहा-आठ भेटींत, गावच्याच माणसाच्या हातून आला. हे थोडे नाही.

तिसरी गोष्ट. भेटी मिळूनही ३६ जण तीन महिन्यांत बरे झाले नाहीत. म्हणजे हा उपाय सर्वांना पुरत नाही. अशांना डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे, काहींना औषध लागते. "आमच्याकडे आलेला शंभर टक्के बरा होतो" असे जो म्हणेल, त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

दारूचे काय?

याच वर्षी दारूबद्दलचाही निकाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्यात तो प्रयोग केला. दारूने नुकसान करून घेणारे ३७७ पुरुष घेतले. निम्म्यांना समुपदेशकाच्या एक ते चार भेटी दिल्या. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्यांत शंभरांतले ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत २६. गेल्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ होते, दुसऱ्यात १८. पण जे पीतच राहिले, त्यांचे रोजचे प्रमाण काही कमी झाले नाही.

म्हणजे गुण आहे, पण उदासीच्या उपायापेक्षा कमी आहे. दारू चिवट असते, हे घराघरातल्या बायांना ठाऊकच आहे. तरी शंभरांतली दहा घरे सावरली, हेही खरे.

आपल्या विदर्भात

गोवा दूर आहे, तिथले लोक निराळे, असे कोणी म्हणेल. पण हे काम आपल्या विदर्भातही झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालला. डॉ. राहुल शिधये आणि डॉ. पटेल हे त्यात होते. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघर माहिती दिली, ऐकून घेतले, समुपदेशकांनी भेटी दिल्या, आणि गरजेप्रमाणे लोकांना डॉक्टरांकडे पोचवले.

सुरुवातीच्या पाहणीत, नैराश्य असलेल्या शंभर लोकांतले जेमतेम ४ जण उपचाराला गेलेले होते. दीड वर्षाने पाहणी केली तेव्हा शंभरांतले २७ जण गेलेले आढळले. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत ५ च्या आसपास होते, ते अडीचवर आले. हा निकालही २०१७ साली छापला गेला.

आता तुम्ही पारख शिकला आहात, तर इथेही ती लावा. या ३० गावांसाठी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. उपक्रम न झालेली दुसरी गावे तुलनेला घेतली नव्हती. नुसते आधी आणि नंतर मोजले. त्या काळात पीकपाणी बरे झाले असते, तर त्याचाही थोडा गुण त्यात आला असता. म्हणून हा पुरावा गोव्याच्या पुराव्याइतका पक्का नाही. तरी लोक उपचाराला जाऊ लागले, हे काही नुसत्या पावसाने होत नाही.

आणि ज्या हरारेत पटेल शिकले, तिथेही पुढे असेच काम उभे राहिले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी गावच्या आज्यांना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या अंगणात एक बाक असतो. त्यावर आजीबाई बसते आणि आलेल्याचे ऐकून घेते. त्याला 'मैत्रीचा बाक' म्हणतात. त्याचीही चिठ्ठीच्या रीतीने पारख झाली, आणि २०१६ साली गुण सिद्ध झाला.

तिरोड्याच्या वाचकाने काय करावे?

पाठ वाचून पुस्तक मिटायचे नाही. घरात किंवा शेजारी कोणी दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, माणसांत येत नसेल, तर हे करा.

त्याच्याजवळ बसा आणि ऐका. मध्ये बोलू नका. "मरणाचे विचार येतात का?" असे विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून जीव हलका होतो. येत असतील तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्या.

१४४१६ हा फोन नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा. सरकारची ही 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत. दिवसरात्र केव्हाही करा, मराठीत बोला.

आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. पुढे गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या आजारासाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कानात आवाज येणे, भलताच संशय घेणे, भान नसणे, अशी लक्षणे असतील तर नुसत्या बोलण्यावर राहू नका, डॉक्टरच पाहिजे. आणि डॉक्टरने सुरू केलेली गोळी, "आता बरं वाटते" म्हणून मनाने बंद करू नका.

कायदाही जाणून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. मनोरुग्णाला साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तो मोठ्या मानसिक ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात दडवून ठेवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. आणि भूत उतरवतो म्हणून कोणी मारहाण करील, चटके देईल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटी एक सांगणे. गोव्यात ज्यांच्या हातून लोक बरे झाले, ते समुपदेशक तुमच्याआमच्यासारखेच होते. त्यांनी ऐकायला शिकून घेतले, आणि आपल्या कामाचे माप करू दिले. आज तुम्ही वाचायला शिकला आहात. उद्या तुमच्यापैकीच कोणी असे ऐकायला शिकेल, तर त्या गावातले एखादे घर उठून उभे राहील.

विचार करा व उत्तरे द्या

१. साधे दुःख आणि नैराश्य यांत फरक काय?

२. नवे बियाणे पारखताना चिठ्ठ्या का टाकायच्या?

३. भेटी न मिळता ३९ जण बरे झाले. यावरून काय शिकावे?

४. "अमक्या बुवामुळे माझ्या भावाला गुण आला," असे कोणी म्हणाले, तर तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचाराल?

५. मनाच्या आजारासाठी मदतीचा फोन नंबर कोणता? तो पाहून न पाहता दोन्ही रीतींनी लिहा.